आप्पांचा लेखक बेळगावात आला तेव्हा

आमच्या वडगावातल्या घरात कादंबरी वाचायची ठरलेली वेळ अशी नव्हती. करंट गेला की वाचायची. करंट असेपर्यंत पुढच्या खोलीतले विजेवरचे माग धडधडत असायचे आणि त्या आवाजात वाचन सोडाच, शेजारच्या माणसाची शिंकसुद्धा ऐकू यायची नाही. माग थांबले की आप्पा खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत उंबऱ्यावर येऊन बसायचे आणि म्हणायचे, "हां, काढ गं पोथी." पोथी म्हणजे ऐतिहासिक कादंबरी. आई सुताच्या कांड्या भरायचा चरखा घेऊन जवळ यायची, शेजारच्या बायका यायच्या, आणि वाचणारी मी. सत्तरचं दशक संपत आलं होतं, मी कॉलेजात होते. करंट तेव्हा रोजच जायचा, त्यामुळं आमच्या गल्लीचं वाचन भरपूर झालं.

वाचनालयातून पुस्तकं पुष्कळ यायची, पण आप्पांचा जीव एकाच लेखकावर. त्याची एक कादंबरी त्यांनी विकत आणून ठेवली होती. एका दिवाळी अंकातला त्याचा फोटो कापून मागाच्या खोलीत देवांच्या फोटोंशेजारी चिकटवला होता. आई करवादायची, "देवांच्या रांगेत ह्या चष्मेवाल्याला कशाला बसवलंय?" आप्पा म्हणायचे, "देवांनी मला कवा रडवलं न्हाय. ह्यानं रडवलंय."

रडवलं होतं ते एका निरोपानं. कादंबरीतला किल्लेदार शेवटच्या मोहिमेवर निघतो, तेव्हा वाट वाकडी करून पहाटे घरी येतो. बायको एक शब्द बोलत नाही. त्याच्या शेल्याच्या काठाचा दोरा सुटलेला दिसतो, तो ती दातानं तोडते, शेला झटकून त्याच्या खांद्यावर ठेवते आणि आत जाते. तो परत येत नाही. एवढंच. ते पान आलं की आप्पा म्हणायचे, "परत वाच." मी परत वाचायचे. जन्मभर साड्यांचे काठ विणलेला माणूस, त्यांना तो दोरा डोळ्यांसमोर दिसायचा. "हे ह्यानं बघितलेलं हाय," असं ते ठामपणे सांगायचे. कादंबरी वेगळी आणि इतिहास वेगळा, हे त्यांच्या गावीही नव्हतं. छापलंय म्हणजे घडलंय.

आप्पांना ऐकू येत नाही, हे मला त्या वाचनातच कळलं. एकदा आभाळ भरून आलं होतं, घरात अंधारलं होतं, म्हणून मी उजेडासाठी खिडकीकडं तोंड करून वाचत होते. मध्येच खोकल्याची उबळ आली म्हणून थांबले. मागं वळून बघते तर आप्पा डोळे मिटून मान डोलावताहेत. मी थांबलेली, चरखा थांबलेला, आणि त्यांची मान आपली चालूच.

तोवर मला कळलं नव्हतं ह्यात नवल नाही. मागवाल्यांच्या घरात सगळेच ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलतात. माग चालू असताना 'चहा झाला', 'दोरा तुटला', 'पाहुणे आलेत' हे सगळं तोंड बघून कळतं. सगळेच तसे, मग त्यातला एक खरोखरच बहिरा होत चाललाय हे कुणाच्या ध्यानात येणार? आईच्या कानावर घातलं तर ती म्हणाली, "मला माहीत हाय. त्यांच्यासमोर काढू नगंस." मी तरी एकदा डॉक्टरांचा विषय काढलाच. आप्पा जेवता जेवता ताटावरून उठले. त्यानंतर घरात सगळेच गप्प. काही सांगायचं झालं तर खूण करायची, मोठं काही असलं तर आईनं सावकाश सांगायचं, आणि बारीकसारीक गोष्टी सोडूनच द्यायच्या. सोपं पडायला लागलं तसं.

अशात बातमी आली की तो लेखक बेळगावला व्याख्यानाला येणार. आप्पा लहान पोरासारखे झाले. लेखकाच्या बायकोसाठी म्हणून त्यांनी स्वतः मागाशी उभं राहून एक साडी विणायला घेतली, गर्द हिरवी, तांबड्या काठाची. आल्यागेल्याला दाखवायचे. "त्यांचा आवाज कसा असंल गं?" हे मला रोज विचारायचे. मी काय सांगणार, कपाळ? माझा जीव टांगणीला लागला होता. एवढ्या वर्षांची आस, आणि हा माणूस सभागृहात बसून काही ऐकणारच नाही. वर चार लोकांसमोर उघडं पडलं तर? आप्पा मानी. घराबाहेर पडणंच सोडून देतील, ह्या धास्तीनं माझं अभ्यासात लक्ष लागेना. मग मीच मनाची समजूत घातली. पुढं बसवायचं, अगदी समोर. ओठ दिसले की निम्मं काम झालं.

व्याख्यानाच्या दिवशी आम्ही लोक जमायच्या कितीतरी आधी जाऊन पहिल्या रांगेत बसलो. छातीवर बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता आला. "ताई, ही रांग पाहुण्यांची आहे. मागं बसा."

"आणि आम्ही काय, घरचे?" मी म्हटलं. "घरचे असलो तर मग पुढंच बसू." आप्पांच्या हातातल्या साडीच्या पुडक्याकडं बघून तो काय समजला कोण जाणे, पण गेला. मला वाटलं, जिंकलो.

लेखक उभा राहिला. फोटोतल्यापेक्षा थकलेला, पण चष्मा तोच. आप्पांनी हात जोडले. आणि तेवढ्यात एकानं माईकचा दांडा वर ओढून बरोबर लेखकाच्या तोंडासमोर आणून ठेवला. तो मोठा काळा माईक, आणि त्याच्यामागं तोंड पार झाकलेलं. ओठ नाहीत, काही नाही, नुसता चष्मा. उठून जावं आणि तो माईक बाजूला सारावा असं इतकं वाटलं मला, पण भरल्या सभेत तेवढी छाती झाली नाही.

भाषण मी कसलं ऐकतेय? मी आप्पांकडं बघत होते. ते डावीकडं बघायचे, उजवीकडं बघायचे. लोकांनी टाळी वाजवली की वाजवायचे, अर्ध्या क्षणानं उशिरा. लोक गंभीर झाले की भुवया आवळायचे. कुणाच्या लक्षात येतंय का, म्हणून मी मागच्या रांगेकडं चोरून बघत होते. घामानं माझी ओढणी ओली झाली होती.

आणि मग लेखक त्या निरोपावर आला. म्हणाला, त्या पानाबद्दल मला अजून लोक विचारतात. आज खरं सांगतो. तो किल्लेदार घरी गेलाच नव्हता. जुन्या कागदांत स्वच्छ आहे, तो गडावरून थेट मोहिमेवर गेला. निरोप नाही, शेला नाही, दोरा नाही. ते सगळं मी रचलं. त्यावर जे जे रडले, त्यांची मी हात जोडून माफी मागतो. त्यानं खरंच हात जोडले, आणि सगळं सभागृह हसलं.

आप्पाही हसले. मोकळेपणानं, मान मागं टाकून हसले, आणि किती मजा आली अशा नजरेनं माझ्याकडं बघितलं. मला हसता आलं नाही. खूप प्रयत्न केला, पण नाही आलं. त्या लेखकाचा असा राग आला मला की काय सांगू. लोकांना हसवायला आमच्या आप्पांचंच पान सापडलं होतं त्याला.

नंतर आप्पा साडी घेऊन व्यासपीठाशी गेले. लेखक सह्या करत होता, मान खाली. त्यानं काहीतरी विचारलं. आप्पा म्हणाले, "व्हय, व्हय." मी पुढं घुसून म्हटलं, "वडगावहून आलोय आम्ही. बाईंसाठी साडी आहे, ह्यांनी स्वतः विणलीय." लेखकानं वर बघितलं, साडीच्या काठावरून हात फिरवला, आप्पांचे हात हातात घेतले. मग मागच्या गर्दीनं आम्हाला बाजूला केलं. निभावलं, म्हणून मी सुस्कारा सोडला.

परतताना दिवेलागण झाली होती. वाटेत शहापुरात एका पानपट्टीच्या उजेडात आप्पा थांबले आणि माझ्याकडं तोंड करून उभे राहिले.

"लोक कशाला हसली गं?"

मी गोंधळले. "कवा?"

"मी बी हसलो त्यावेळी. सगळी हसली म्हणून हसलो. तुझं तेवढं तोंड उतरलं होतं."

काहीतरी ठोकून द्यावं असं मनात आलं. तो गमतीनं बोलला, बेळगावच्या कुंद्याच्या गोडीबद्दल बोलला, काहीही. पण ते माझ्या तोंडाकडं असे टक लावून बघत होते की मला धड खोटं सुचेना. मी सावकाश, एकेक शब्द सुटा करून सगळं सांगितलं. तो घरी गेलाच नव्हता, आप्पा. शेला नाही, दोरा नाही. लेखकानं रचलंय ते.

पानवाला आमच्याकडं बघायला लागला. मला वाटलं, आता आप्पा इथंच खाली बसणार.

"न भेटताच गेलता व्हय तो," ते म्हणाले. "आणि ह्या लेखकाला ते ठावं होतं. लिवताना त्याला राहवलं नसंल गं. कसं राहवंल? बिचारा."

मग टॉवेल खांद्यावर सारखा करून ते चालायला लागले. थोडं पुढं गेल्यावर वळून म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस. घरात अलीकडं मला कोण काय सांगतच न्हाय."