नारूचा वण

अहिल्या मूळची बीड जिल्ह्यातली. रियाधला येऊन तिला सतरा वर्षं झाली. जखम धुवायला तिचा हात इतका हलका, की मधुमेहाने पाय बिघडलेले म्हातारे पेशंट वॉर्डात आल्या आल्या ‘हिंदी सिस्टर’ला, म्हणजे हिंदुस्थानातल्या नर्सला, बोलवा म्हणतात. नवरा उमाकांत एका कंपनीत एसीचं काम बघतो. मुलगी अवंती इंडियन स्कूलमध्ये नववीला. तिघं अल मलाझमध्ये एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात.

२०२४ संपता संपता अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर शंभर वर्षांचे होऊन वारले. अवंतीच्या शाळेने नववीच्या मुलांना विषय दिला: एखादा नेता टीव्ही आणि इंटरनेटमुळे लोकांच्या लक्षात कसा राहतो ते दाखवा, सहा मिनिटांत. अवंतीने कार्टर घेतले, कारण त्या आठवड्यात मोबाइल त्यांनीच भरला होता.

एका शुक्रवारी ती आईला लॅपटॉपवर दाखवत होती. सगळे दात दिसणारं हसू. भुईमुगाची शेती, आणि त्यावरून जुन्या विनोदी कार्यक्रमांत केलेली थट्टा. इराणमध्ये अडकलेले ओलीस आणि हरलेली निवडणूक. शेवटी नव्वदीतले आजोबा, हातात हातोडी, गरिबांची घरं बांधताना.

"छान आहे," अहिल्या म्हणाली. "पण नारू कुठाय?"

"नारू कौन?"

"कोण नाही गं. किडा. नारूचा रोग."

अवंतीने नाक मुरडलं. "मम्मी, टीचरने पॉप्युलर मीडिया बोला है. किडे का क्या काम?"

अहिल्या लॅपटॉप बाजूला सारून बसली आणि जे तिने मुलीला आजवर सांगितलं नव्हतं ते सांगू लागली.

ती आठ वर्षांची होती. गावाला पाण्याची एकच बारव, लोक पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहूनच घागरी भरायचे. नारू झालेला माणूस पाण्यात उतरला की त्याच्या फोडातून किड्याची पिल्लं पाण्यात पडायची आणि तेच पाणी गाव प्यायचं. वर्षभराने पायातून सुतासारखा पांढरा किडा बाहेर यायचा, हातभर लांब. तो काडीला गुंडाळून रोज दोन-तीन बोटं ओढायचा. घाई केली की तुटायचा. अहिल्येचे वडील, अण्णा, पाथरवट. कामावर जायच्या घाईत त्यांनी ओढला आणि तो आत तुटला. पाय पिकला, चार महिने अंथरूण धरलं आणि घोटा कायमचा आखडला.

मग सरकारी दवाखान्याची एक बाई गावात येऊ लागली. पाणी जाळीच्या कापडातून गाळा म्हणून घरोघर सांगायची. बायका हसायच्या. ती न चिडता पुन्हा यायची. तीन-चार वर्षांत गावातला नारू गेला. अहिल्या नर्स झाली ती त्या बाईकडे बघून.

"आपल्याकडचा नारू आपल्याच माणसांनी घालवला," ती म्हणाली. "पण आफ्रिकेत लाखो लोक उरले होते. त्यांच्यासाठी जगात कुणी धावपळ केली असेल, तर या माणसाने. खुर्ची गेल्यावर. नर्सिंगला असताना मी वाचलं होतं, तेव्हापासून मला त्याचं फार कौतुक वाटतं."

अवंती ऐकत होती, पण म्हणाली, "इसका कोई फनी क्लिप नहीं है, मम्मी. बच्चे बोर हो जाएँगे."

पुढच्याच आठवड्यात अहिल्येच्या वॉर्डात आदम इद्रीस नावाचे सुदानी गृहस्थ आले. सत्तरीचे, पायाची दोन बोटं काढलेली. ड्रेसिंग करताना अहिल्येला त्यांच्या घोट्याच्या वर एक आत ओढलेला, सुरकुतलेला वण दिसला. शेजारी उभ्या असलेल्या तरुण डॉक्टर उमामा म्हणाल्या, "जुन्या भाजल्याची खूण असेल."

 अहिल्येने आदमकडे बघून एका हाताचं बोट आडवं धरलं आणि दुसऱ्या हाताने त्याच्याभोवती हळूहळू सूत गुंडाळल्यासारखं केलं.

म्हातारा उशीवरून उठून बसला. "उख्ती," तो म्हणाला, म्हणजे ताई, "तुला कसं ठाऊक?"

"माझ्या वडिलांना होता."

मग तो बोलायला लागला तो थांबेना. तरुणपणी तो दक्षिण सुदानात ट्रक न्यायचा, तिथे डबक्याचं पाणी पिऊन त्याला हा रोग झाला. तिथे युद्ध चालू होतं, औषधवाले पोचत नसत. १९९५ साली कार्टर आले, दोन्ही बाजूंशी बोलले आणि काही महिने बंदुका थांबल्या. त्या दिवसांत लोकांना पाणी गाळायची कापडं मिळाली, पुढे जाळी बसवलेल्या नळ्याही, गळ्यात अडकवायच्या आणि त्यांतूनच पाणी ओढून प्यायचं. आदमनेही एक मिळवली होती.

"राजे लोक जमिनीसाठी लढाई थांबवतात," तो म्हणाला. "याने किड्यासाठी थांबवली."

डॉक्टर उमामांनी खुर्ची ओढून घेतली आणि अहिल्येला म्हणाल्या, "सिस्टर, मला पुन्हा सगळं सांगा. मी हे फक्त पुस्तकात एका ओळीत वाचलंय."

इस्पितळात व्हिडिओ काढायला बंदी. म्हणून आदम घरी गेल्यावर अहिल्येने त्यांच्या पुतण्याला फोन केला आणि एका संध्याकाळी ती अवंतीला घेऊन त्यांच्याकडे गेली. आदमनी गोड चहा दिला. अवंतीने मोबाइल धरला, अहिल्या अरबीचं हिंदी करत राहिली. मध्येच आदमनी पायजमा वर करून वण दाखवला. अवंतीने मोबाइल खाली घेतला नाही.  परतताना गाडीत ती मराठीत म्हणाली, "अण्णांचा पाय असाच आहे? मी कधी बघितलाच नाही."

फेब्रुवारीत शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. पालक मागच्या रांगांत. अवंतीने आधी हसू, भुईमूग, थट्टा असं सगळं दाखवलं. मुलं खिदळली. मग ती म्हणाली, "ये सबको याद है. अब जो कम लोगों को याद है," आणि आदमचा आवाज हॉलमध्ये घुमला. वण दिसला तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन मुलींनी डोळे झाकले. सहाची नऊ मिनिटं झाली. टीचरनी घंटा वाजवली नाही.

मुलांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं अवंतीला येईनात, तेव्हा तिने मागे बघून आईला हाक मारली. अहिल्या आयुष्यात कधी माइकवर बोलली नव्हती. उमाकांतने तिच्या मांडीवरची पर्स काढून घेतली आणि म्हणाला, "जा."

ती हिंदीत बोलली. बारव, काडी, जाळीचं कापड. त्या बाईचंही सांगितलं, जिचं नाव तिला आता आठवत नव्हतं. कार्टरना आपल्याआधी शेवटचा नारू मेलेला बघायचा होता, तेवढी एक इच्छा राहिली, हेही सांगितलं.

एका मुलाने विचारलं, "मतलब अभी भी है?"

"है. पिछले साल पूरी दुनिया में पंद्रह लोगों को हुआ."

"बस पंद्रह?"

"बेटा, वो लाखों से पंद्रह पर आया है, किसी के पीछे पड़ने से," अहिल्या म्हणाली. "लेकिन उन पंद्रह में से किसी को जाकर पूछो, वो ‘बस’ नहीं कहेगा."

अवंतीला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं एका फुटबॉलवेड्या मंत्र्यावरच्या सादरीकरणाला गेलं, आणि ते खरंच मजेदार होतं, असं अवंतीच सांगते. डॉक्टर उमामांनी मार्चमध्ये नव्या नर्सेससाठी अर्ध्या तासाचा वर्ग ठेवला आणि शिकवायला अहिल्येला उभं केलं. तिथे तिने अण्णांच्या घोट्याचा फोटो दाखवला. तो अवंतीने गावाकडे व्हिडिओ कॉल करून, आजोबांना पाय खिडकीच्या उजेडात धरायला लावून काढला होता.