भातात न बसलेलं

मामा संगणकाच्या पडद्याला नाक लावून बघायचे, चष्मा कपाळावर सारायचे आणि म्हणायचे, "लई सरळ जुळतंय मॅडम. कुठंतरी घोळ हाय."

असा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. आमच्या प्रयोगशाळेत हे होते. संगणक ऑपरेटर, राहायला मुकुंदवाडीत. दुष्काळात टँकर वेळेवर आला तरी पुटपुटायचे, "आज वेळेवर कसा काय?"

भात, मका, बाजरी, ज्वारी यांचे जनुकसंच संगणकावर शेजारी शेजारी मांडून ताडून पाहायचे, हे आमचं काम. भाताचा संच पाया धरायचा, बाकीचे त्यावर बसवायचे. न बसलेले तुकडे बाजूला पडत, आणि डिस्कवर जागा नाही म्हणून मी ते पुसून टाकायची. माझा प्रबंध चिकलठाण्याकडच्या एका जुन्या ज्वारीवर होता. सगळं करपलं तरी ती उभी राहायची. का, ते मला शोधायचं होतं.

"भातावर ज्वारी मापायची व्हय?" मामा म्हणायचे. "भाताला तहानेचं काय ठावं?"

मी हसायची. मग एकदा दिसलं, मामा रोज संध्याकाळी पेनड्राइव्ह खिशात घालून घरी जातात. विचारलं, तर म्हणाले, "कचरा हाय मॅडम." कचरा कोण घरी नेतं? माझं काम दुसऱ्या कुणाला पोचतंय, अशी माझी खात्रीच झाली. मी विभागप्रमुखांना सांगितलं, चोरी हा शब्द वापरून. मामांची भांडारात बदली झाली आणि तिथूनच ते निवृत्त झाले.

प्रबंध तपासणाऱ्या सरांनी एकच विचारलं, "भातात जे नाहीच, ते तुम्ही कुठे शोधलंत?" ते तुकडे मी पुसले होते आणि ती ज्वारी पुन्हा मिळणार नव्हती, तिच्या शेतात आता प्लॉट पडले होते. तेव्हा कुठे मला मामांचा कचरा आठवला.

मुकुंदवाडीला गेले. मामा उन्हाळ्यात वारले होते. मामींनी ट्रंकेतून तंबाखूचा डबा काढला. आत पेनड्राइव्ह, वर मामांच्या अक्षरात चिठ्ठी: 'मॅडमचं. भातात न बसलेलं.'

"मग मला दिलं का नाही?"

"म्या लई येळा म्हणलं," मामी म्हणाल्या. "तर म्हणायचे, आता नेऊन दिलं तर चोरीच खरी ठरंल. आता तुमीच आलात. न्या."

मी त्यांच्यासमोरच रडले.

ज्वारीला दुष्काळात उभं ठेवणारा तुकडा त्यातच निघाला, पहिल्याच फाइलीत. लई सरळ सापडला. घोळ आहे म्हणायला शेजारी कुणी नव्हतं.