भाचीची हळद

काल जात्यावर लेकीच्या लग्नाची हळद दळताना वास उठला आणि मला परंड्यातलं आमचं जुनं अंगण दिसलं. मुलगा अमेरिकेत आहे. बाहेरून आलेल्यांना ठेवायचं की नाही, यावर तिथं रोज वाद चालतो. आत्ता इकडं आला तर परत जाता येईल याची खात्री नाही, म्हणून तो लग्नाला येणार नाही.

परंड्यात आमच्या शेजारी कमलाकाकी राहायच्या. त्या फाळणीनंतर बऱ्याच वर्षांनी पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेल्या. कित्येक वर्षं झाली तरी नागरिकत्व मिळालं नव्हतं. गावाबाहेर जायलाही परवानगी लागायची. उल्हासनगरला त्यांच्या लाडक्या भाचीचं लग्न निघालं आणि परवानगी आलीच नाही. काकी दार लावून बसल्या.

आईनं दार वाजवलं. "कमलाबाई, उठा. तिथं पोरीला हळद लागायलीय, आपण इथं लावू."

"अन् नवरी कुठंय?"

आईनं मला पुढं केलं. "ही हाय की!"

गल्लीतल्या बाया जमल्या, गाणी सुरू झाली. काकींनी माझ्या गालाला हळद लावली आणि भाचीच्या नावानं हाक मारली. मला हसू फुटलं. काकी मात्र माझ्याकडं बघतच राहिल्या. त्या नजरेचा अर्थ मला आत्ता कळतोय.

पुढं एकदाचं नागरिकत्व मिळालं. काकी लगेच पिशवी भरून निघाल्या.

"कुणाला इचारलं का?" आईनं थट्टा केली.

"आता कुणालाच इचारायचं न्हाय!" म्हणत त्या कुर्डुवाडीच्या एसटीत चढल्या.

त्या उल्हासनगरला पोचल्या, तेव्हा भाचीची लेक शाळेत जात होती.