सर्व्हरबाईंनी बंद केलेली ओळ

सर्व्हरबाई चुकीवर चिडायच्या, चुकणाऱ्यावर कधीच नाही. संगमनेरच्या आमच्या कॉम्प्युटर संस्थेत त्या शिकवायच्या. नव्वदचं दशक सरत आलं होतं. प्रवेशाचा अर्ज आमच्याकडे कॉम्प्युटरवरच भरायचा आणि त्याचा संस्थेला कोण अभिमान! संस्थेच्या मुख्य कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर, तो अर्ज तपासून घेणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, बाईंनी लिहिली होती, म्हणून त्या सर्व्हरबाई. अर्थात हे नाव त्यांच्या तोंडावर घ्यायची कुणाची टाप नव्हती.

त्यांचा एक हट्ट होता. अर्जात काही राहिलं की पान परत यायचं, पण टाइप केलेलं सगळं जागच्या जागी आणि राहिलेल्या रकान्यापुढे फक्त एक तांबडी ओळ. "पोरं एका बोटानं टाइप करतात. कोरं पान परत देणं म्हणजे जेवत्या माणसाचं ताट ओढणं," असं म्हणत त्यांनी त्या पानाचा साचा कितीदा तरी मोडून लिहिला होता.

मी पाथर्डीकडची. मामा संगमनेरला दूध संघात होते, म्हणून मी इथवर आले. माझ्या अर्जाला तांबडी ओळ आली: घरचा फोन नंबर आवश्यक. ही अट संस्थेच्या सचिवांनी घालायला लावलेली.

"बाई, आमच्याकडं फोन न्हाई."

"शेजारी कुणाकडे?"

"वाडीवर तारच आली न्हाई अजून."

"कायबी आकडे टाक की, कोन बघतंय!" रांगेतून कुणीतरी म्हणालं. मी टाकायलाही लागले. बाईंनी माझा हात धरला.

"खोटं लिहून आत यायचं नाही. अट चुकीची आहे, तू नाहीस."

उभ्या उभ्याच त्यांनी स्क्रिप्ट उघडली आणि फोन तपासणाऱ्या ओळीआधी एक चिन्ह टाकलं. त्यानं ती ओळ असून नसल्यासारखी झाली. "दाब आता," म्हणाल्या. अर्ज गेला. माझ्यासारख्या आणखी काही जणांचेही गेले.

यादी लागली, तिच्यात फोनचे काही रकाने कोरे दिसले आणि सचिव तणतणत आले. "घरी फोन नाही, ते कॉम्प्युटर शिकून काय दिवे लावणार? ही नावं काढा, ती ओळ चालू करा."

"मी करणार नाही. तुम्ही करा." बाईंनी आपली खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली. "आणि एकाही नावाला हात लावलात, तर या पोरांच्या आईबापांना घेऊन दारात बसेन."

सचिव खुर्चीत बसले नाहीत. नावं तशीच राहिली, बाईंची नोकरी मात्र गेली.

त्यांना पोचवायला मी स्टँडवर गेले. रडू आवरत नव्हतं. "माझ्यामुळं झालं, बाई."

"फुकटचं श्रेय घेऊ नकोस," त्या खेकसल्या. "भांडण माझं होतं, मी मजेत भांडले. तू फक्त नापास होऊ नकोस, नाहीतर त्या माणसाचं खरं ठरेल."

नगरची गाडी लागली. बाईंनी स्वतःच पिशव्या उचलल्या, मला हात लावू दिला नाही.

मी नापास झाले नाही.