धुतलेलं दुपटं

वॉर्डाच्या दारात पोचायच्या आधीच त्यांचा उजवा हात वर झालेला असायचा, आणि मागोमाग आवाज, "धुऊ नका गं, जरा थांबा." कोण काय धुतंय ते दिसायच्याही आधी. नवखा माणूस दचकायचा. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो.

आमचं काम सांगायला सोपं, करायला नकोसं. जुलाबानं ॲडमिट झालेल्या लहान पोरांपैकी रोटाव्हायरसची किती, हे जुन्नर-आंबेगावच्या दवाखान्यांतून मोजायचं. त्यासाठी पोराच्या शीचा नमुना लागतो. नमुना नाही तर पोर मोजणीत नाही, मग ते कितीही सुकलेलं असो. ताई नमुना घ्यायच्या, मी तो बर्फाच्या डब्यातून मोटारसायकलवर प्रयोगशाळेत पोचवायचो. डबा बघून निमगाव सावाची पोरं कुल्फीवाला समजून मागं लागायची. एका मेडिकलवाल्या शेठनी आमचे आइसपॅक त्यांच्या फ्रीजरमध्ये ठेवू दिले होते. त्यांनी एकदा विचारलं, डब्यात असतं काय? ताई म्हणाल्या, "शेठ, न इचारलेलं बरं." शेठ समजले. दुसऱ्या दिवसापासून बर्फ बंद.

खरी अडचण नळाची होती. तुम्हीही पाहिलं असेल, आपल्याकडच्या बाईला पोराचं भरलेलं दुपटं घटकाभर पडू देणं म्हणजे नामुष्की. खाटेशी सासू बसलेली, चार पावणे भेटायला आलेले. पोराला सलाईन लागायच्या आत दुपटं धुऊन खिडकीत वाळत असायचं. ताई दिवसभर एका दवाखान्यातून दुसऱ्यात धावायच्या आणि बहुतेक वेळा त्यांच्या वाट्याला ते स्वच्छ दुपटंच यायचं. संध्याकाळी बाकड्यावर बसून पाय चोळत म्हणायच्या, "लई टापटीप बाया हायेत, राव. ह्यांच्या टापटिपीनं मला म्हातारं केलं."

राजुरीची एक आई अशीच. पोराचे डोळे खोल गेलेले, आणि दुपटं धुतलेलं. त्या दिवशी ताई फार दमल्या होत्या. फटकन बोलल्या, "धुतलं ना तुमी? आता तुमचं पोर कुठंच मोजलं जाणार न्हाई." त्याच दुपारी पोराला पुण्याला हलवलं आणि ते वाटेतच गेलं. हे कळलं तेव्हा ताई नुसत्या डब्याचं झाकण उघडत-लावत बसल्या. मला त्यांचा राग आला होता, आणि दयाही.

पुढच्या थंडीत त्यांच्या स्वतःच्या नातीला बोरी बुद्रुकहून दवाखान्यात आणलं. तेच जुलाब, तीच उलटी. मी डबा घेऊन धावत गेलो. ताई नळाशी उभ्या होत्या, हातात पिळलेलं दुपटं.

"धुतलं रं भाऊ. हात थांबलाच न्हाई."

"पुन्हा होईल की, ताई. थांबू आपण."

पुन्हा झालं नाही. सलाईननं पोर सावरली, दूध मागायला लागली, डॉक्टरांनी घरी सोडलं. मी म्हणालो, "लक्षणं तर सगळी तीच आहेत. धरू तिला मोजणीत."

"राजुरीचं धरलं व्हतं का?"

ताई माझ्या गाडीवर बसल्या. "चल, राजुरीला घे."

ती बाई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. तिनं ओळखलं, पण उठली नाही. ताई तिच्यासमोर मातीतच बसल्या.

"बाई, मी बी धुतलं. माझ्या नातीचं."

बाईचे हात थांबले. "नात हाय ना?"

"हाय."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि आमच्यासाठी पाणी आणायला आत गेली.

महिन्याभरात त्यांनी काम सोडलं. आता वॉर्डाच्या दारात मी उभा राहतो. माझाही हात वर जातो. पण नळाशी उभी असलेली बाई वळून बघते, तेव्हा पुढचे शब्द काढायला मला वेळ लागतो, आणि तोवर नळ सुरू झालेला असतो.