टाचा

मॉलच्या कोपऱ्यात उड्या मारत पुढे जायच्या व्हिडिओ गेमचं जुनं मशीन ठेवलंय. आज तिथं एक गृहस्थ खेळत होते. पडद्यावरच्या माणसानं खड्ड्यावरून उडी मारली की यांच्याही टाचा उचलल्या जायच्या. जीव गुंतला की अंग ऐकत नाही. मला हसू आलं आणि पाठोपाठ लाज वाटली.

शाळेत असताना एकदा व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मी हाच खेळ खेळत होतो. मला न्यायला आलेले बाबा मागे उभे राहून बघायला लागले, आणि माझ्या प्रत्येक उडीला त्यांच्या चपला फटफट वाजायला लागल्या. माझे मित्र हसले.

"बाबा, तुम्ही बाहेर थांबा ना!"

"बरं, बरं."

पुढचा खड्डा ओलांडून मी वळून पाहिलं. दाराच्या काचेतून बाबा पडद्याकडेच बघत होते. टाचा मात्र त्यांनी जमिनीवर घट्ट टेकवून ठेवल्या होत्या.