चमचाभर पाणी

आदिलाबादजवळ, जैनथकडच्या आमच्या गावात माझी मुलगी सव्वा वर्षाची होती तेव्हाची गोष्ट. सकाळी उठल्यापासून तिला उलट्या सुरू झाल्या, ऊन चढेस्तोवर जुलाबही. नवरा आदिलाबादला कामावर, जाऊ शेतात. घरात मी, सासूबाई आणि जावेचा तीन वर्षांचा मुलगा.

"पाणी देऊ नको," सासूबाई म्हणाल्या. "पोटात राहूनच नाही राह्यलं, काऊन पाजून राह्यली?"

मी शाळेत शिकवणारी, तरी मलाही ते पटलं. बराच वेळ मी तिला काहीच दिलं नाही. मग ती रडली, आणि डोळ्यांत पाणीच आलं नाही. लघवी कधी झाली होती, तेही मला आठवेना. मी अनवाणीच गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंकडे पळाले.

त्यांनी आल्या आल्या मुलीच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी सावकाश जागेवर गेली, म्हणजे अंगातलं पाणी आटलं होतं.

"हिचं पाणी कोनं बंद केलं?"

त्यांनी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसची पुडी सोडली. "एकेक चमचा द्या. ओकली तर दहा मिनिटं थांबा, मंग परत द्या. अंगावरचं दूध बंद करू नका. पेईनाशी झाली, गळून पडली, तर ऑटो करा अन् थेट दवाखाना."

पहिले दोन चमचे उलटले. मी घड्याळाकडे बघत बसले. ती दहा मिनिटं सरता सरेनात. तिसरा चमचा राहिला. चौथाही. दुपारी माझी मांडी ओली झाली आणि मी ओरडलेच, "मुतली!" सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

दोन दिवसांनी जावेचा मुलगा ओकू लागला.

"लंगोट धुतल्यावर हात कशानं धुतले?" आशाताईंनी मला विचारलं.

मुलगी आजारी होती त्या दिवशी घाईत नुसत्या पाण्याने हात खंगाळून मी त्याला वरणभात भरवला होता. शाळेत जेवणाआधी साबण घेऊन पोरांच्या रांगेपुढे उभी राहणारी मी.

"साबण पाह्यजे, बाई. हा रोग असाच हातानं फिरते."

जावेने सगळं ऐकलं. तिने ओआरएसची वाटी माझ्या हातून काढून घेतली.

मुलगा दोन दिवसांत खेळू लागला. पण पुढचे आठ दिवस जावेने त्याला माझ्या हातचं काही खाऊ दिलं नाही, आणि मी तिला काऊन म्हणून विचारलं नाही.